कपाटातलं तेल

३ फेब्रुवारी, सोमवार

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाला असशील तर आधी एवढं वाच. घरात कोणी गेलेलं नाही. पैसे नकोत. समेटासाठीही लिहीत नाही. मला ब्रेकची माहिती हवी आहे आणि ब्रेक कळणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही, म्हणून लिहिते आहे.

फोन केला असता, पण तो तू ठेवून दिला असतास. पत्र ठेवून द्यायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिला बोलू नकोस. मी विचारल्यावर नाही म्हणणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

गेल्या वर्षी यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला डायलिसिस असतं. हॉस्पिटल उताराच्या तळाशी, आमचं घर माथ्यावर. एक वार चुकला तर अंगावर सूज येते आणि श्वास लागतो. दोन चुकले तर काय होईल ते डॉक्टरांनी मला सांगितलं आहे, यांना नाही. आतापर्यंत शेजारचे टॅक्सीवाले नेत होते. चोवीस तारखेला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दुसरी टॅक्सी इतक्या सकाळी चढ चढून येत नाही, आणि आली तरी हे पायऱ्या उतरेपर्यंत थांबत नाही. यांचा डावा गुडघा वाकत नाही. का, ते तुला सांगायला नको.

म्हणजे पंचवीस तारखेपासून गाडी मी चालवणार.

गाडी तीच आहे. अपघातानंतर विम्याच्या वर्कशॉपने ब्रेकचं सगळं नवं बसवून दिलं. त्यानंतर तुझ्या धंद्यातल्या कोणाचाही हात मी त्या ब्रेकला लागू दिला नाही. अकरा वर्षांत गाडी चालली थोडी, उभीच जास्त राहिली. आता पुढून खर्र आवाज येतो, पेडल खोल जातं आणि मागून जळका वास येतो. खालचा गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "टोचन लावून ओढत आणा, सगळं बदलू." सगळं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. आणि बदलणारा कोण, तर मी कधी न पाहिलेला माणूस. त्यापेक्षा मीच करीन. बी.एस्सी. झाले आहे, एकतीस वर्षं कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळली आहे. स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो हे मला कळतं.

मला एवढंच सांग, की तयार हत्यारं न घेता हे काम होतं का? हत्यारांच्या पेटीची किंमत विचारून आले. पेटी तिथेच ठेवली. पुढचा पिस्टन आत ढकलायला आणि मागच्या ड्रममधल्या स्प्रिंगा काढायला काय वापरू? आणि हवा काढायला दोन माणसं लागतातच का?

तू तेव्हा मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं. तो विषय पुन्हा काढायचा नाही. बाकी काहीही लिही.

— मोठी बहीण


८ फेब्रुवारी, शनिवार

बारक्या,

उत्तर नाही. नसू दे. दिवस थांबत नाहीत, म्हणून सुरुवात केली.

पिस्टनसाठी सुताराकडून लाकूड आवळायचा जुना शिकंजा आणला. जुनं पॅड मध्ये ठेवून हळूहळू आवळला, पिस्टन लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. त्या क्षणी मला वाटलं, एवढ्याचसाठी हे लोक इतका भाव खातात होय!

मागच्या ड्रमने मात्र नाकी नऊ आणले. स्प्रिंग पक्कडीने धरली तर सुटून माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर आपटली. मग आमचा जाडा स्क्रूड्रायव्हर घेऊन लेथवाल्याकडे गेले. म्हटलं, याच्या टोकाला खाच पाडा आणि टोक जरा वाकवा.

"बाई, चांगला स्क्रूड्रायव्हर आहे, कशाला वाया घालवता?"

"चांगला आहे म्हणूनच वाया घालवते आहे. वाईट असता तर नुसता टाकून दिला असता."

"कोण करतंय ब्रेकचं काम?"

"मी."

त्याने मशीन बंद केलं. "तुमचा भाऊ होता की हो," म्हणाला, आणि पुढचं गिळलं. मग मुकाट्याने खाच पाडून दिली आणि माझ्यासमोर दगडावर घासून धार मारली. हत्यार झकास झालं आहे. त्याने आता स्प्रिंग मांजरीच्या पिल्लासारखी अलगद उचलली जाते.

हवा काढायला मुरंब्याची रिकामी बरणी घेतली. तिच्या झाकणाला दोन भोकं पाडली. डायलिसिसच्या सिस्टरने सलाइनची न वापरलेली नळी दिली. "आजी, कशाला हवी?" म्हणून विचारलं तिने. म्हटलं, गाडीला सलाइन लावायचं आहे. ती हसली. हे मात्र हसले नाहीत. हे गाडीविषयी कधीच हसत नाहीत. अकरा वर्षांत पुढच्या सीटवर एकदाही बसलेले नाहीत. मागे बसतात आणि हाताने दार धरून ठेवतात.

एक बिघडलं. मागच्या उजव्या चाकाचा हवा काढायचा नट साध्या पान्याने सोडायला गेले, तर त्याचे कोपरेच झिजले. आता पाना नुसता गरगर फिरतो.

गाडी विटांवर चढवली आहे. एक वीट जरा तडकली, विशेष काही नाही.

दिवस सतरा उरले.

— मोठी बहीण


१३ फेब्रुवारी, गुरुवार

बारक्या,

तुझं पार्सल मिळालं. पत्र म्हणावं असं त्यात काही नव्हतं, पण पुठ्ठ्यावर लिहिलेल्या तीन ओळी वाचल्या: "विटा काढ. आज. लाकडी ठोकळे घाल." तुझं अक्षर अजून तसंच, कोंबडीच्या पायांचं.

विटेबद्दल मी पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. वीट तडकली नाही, तिचा भुगा झाला. मी चाकाच्या आत खांद्यापर्यंत हात घालून होते. यांनी घरातून हाक मारली, "अगं, माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास?" मी वैतागून हात काढला, उठले, दोन पावलं गेले आणि मागे धाडकन आवाज झाला. ड्रम जमिनीवर टेकला होता. मी यांना गोळ्या दिल्या, पाणी दिलं, मग मोरीत जाऊन दहा मिनिटं हात धूत उभी राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुला का सांगते आहे, कळत नाही. तुला आवाजावरून सगळं कळतं, कदाचित पत्रावरूनही कळलं असेल.

वखारीतून जाड फळीचे ठोकळे कापून आणले आहेत. आता हत्ती उभा केला तरी हलणार नाहीत.

तू पाठवलेला गोल पाना, ज्याला तू स्वतः करवतीने फट पाडली आहेस, त्याने झिजलेला नट पहिल्या झटक्यात सुटला. पान्याच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. ती तुझ्या जुन्या गॅरेजची, निळी. म्हणजे हा पाना तू तेव्हापासून बाळगून आहेस. तुझं गॅरेज बंद पडलं तेव्हा सगळं विकलंस असं ऐकलं होतं.

पुढची पॅड आणि मागच्या ड्रममधले शू बसवून झाले. सिलिंडरची रबरंही नवी घातली. रविवारी दुपारी तेल भरून हवा काढणार. तेल विकत घ्यावं लागणार नाही. तू तेव्हा ठेवून गेलेलं आहे कपाटात. माझी पद्धत तुला माहीत आहे. डबे गंजतात, म्हणून मी सगळं प्रयोगशाळेच्या तपकिरी बाटलीत ओतून ठेवते, काचेचं बूच आणि तारखेचं लेबल लावून. बूच इतकं घट्ट आहे की हवा शिरायची सोय नाही. बरणी, नळी, पाना, सगळं मांडून ठेवलं आहे.

बारा दिवस उरले.

— ताई


१६ फेब्रुवारी, रविवार

बारक्या,

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर मी वाट काढून पळेन.

सव्वातीनला बॉनेट उघडं होतं. तेलाच्या टाकीचं झाकण काढलेलं, मी बाटलीचं बूच काढलेलं. तेवढ्यात कोपऱ्यावरचा पार्टवाला चढावरून धापा टाकत येताना दिसला. तुला माहीत आहे तो किती जाडा आहे. त्याला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, थांबा! ओतलंत का?"

"नाही अजून. काय झालं?"

"तुमच्या भावाचा फोन. दुकानात." तो गाडीला टेकला. "म्हणाला, पळत जा. म्हणाला, कपाटातलं तेल ओतू देऊ नकोस. ओतलं असेल तर पेडलला पाय लावू देऊ नकोस."

"का पण?"

"म्हणाला, चमचाभर पाण्यात टाकून बघायला सांग. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं. म्हणाला, बाकीचं तिला कळेल, ती शिकलेली आहे."

मला रागच आला. माझ्या बाटलीवर शंका? लेबल माझ्या अक्षरात होतं: "ब्रेक ऑइल". माझ्या अक्षरात होतं म्हणजे ते खरंच होतं. मी तरातरा आत गेले, काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, बाहेर येऊन पार्टवाल्याच्या नाकासमोर चमचाभर तेल त्यात टाकलं आणि ढवळलं.

तेल वर आलं. मी पुन्हा ढवळलं. पुन्हा वर आलं आणि सोन्याच्या नाण्यासारखं तरंगत राहिलं.

"ताई," पार्टवाला हळूच म्हणाला, "हे स्टिअरिंगचं तेल आहे. यानं ब्रेकची रबरं फुगतात. चार दिवसांत."

मी त्याला पाणी दिलं आणि घरी जायला सांगितलं. मग दुसरी बाटली काढली, "स्टिअरिंग ऑइल" लिहिलेली. तिच्यातलं चमचाभर दुसऱ्या ग्लासात टाकलं. ते पाण्यात असं मिसळलं की ग्लासात काही टाकलं होतं हेही कळू नये.

तू दोन डबे ठेवून गेला होतास. दोन्ही तेलं मधाच्या रंगाची. मी दोन्ही एकाच दुपारी बाटल्यांत ओतली, डबे फेकून दिले आणि लेबलं उलटी लावली. आयुष्यभर मुलांना शिकवलं, आधी लेबल, मग द्रव. त्या दुपारी मी आधी द्रव ओतले.

लेबलावर तारीख आहे, अकरा वर्षांपूर्वीची. तू ब्रेकचं काम मंगळवारी केलंस. लेबल बुधवारचं आहे. बुधवारी मी बॉनेट उघडून पाहिलं होतं, तेल खुणेच्या बोटभर खाली होतं. मी मनात म्हटलं, भावाचं काम म्हणून फुकट, म्हणून अर्धवट. आणि वर भरलं. या बाटलीतून. त्याच रविवारी हे उतारावरून निघाले, चाकं तापून धूर आला, पेडल तळाला गेलं आणि गाडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आदळली.

दुसऱ्या दिवशी तू चुरगळलेल्या गाडीपाशी उभा होतास. तेलाच्या टाकीच्या झाकणाखालचं रबर अंगठ्याने दाबून पाहत होतास. मग माझ्याकडे पाहून विचारलंस, "ताई, यात तेल कोणी ओतलं होतं का?"

लेथवाला होता, पार्टवाला होता, टॅक्सीवाले होते, तुझी दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणाले, "कोणी नाही. आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारू नकोस."

बारक्या, बाटली चुकीची होती हे मला आज कळलं. पण मी ओतलं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. योग्यच तेल होतं तर सांगायचं कशाला, असं मी स्वतःला समजावलं. नंतर तुझ्या गॅरेजच्या दारात उभी राहून गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं बोलले. महिन्याभरात तुझ्याकडे चाक ठेवायला कोणी येईना. तेव्हाही समजावलं. अकरा वर्षं समजावते आहे.

रबर पाहून तुला कळलं होतं. मी नाही म्हटल्यावर तू मला पाच माणसांत खोटं पाडलं नाहीस. गॅरेज गेलं तरी पाडलं नाहीस. मी इथे थांबते. यापुढे जे लिहीन ते रडगाणं होईल, आणि ते तुला ऐकवायचा हक्क मला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. मी ओतलं होतं.

— ताई


२० फेब्रुवारी, गुरुवार

बारक्या,

रविवारी संध्याकाळी यांना सांगितलं. समोर खुर्ची घेऊन बसले आणि दोन्ही ग्लास टेबलावर ठेवले. हे ऐकत होते, ग्लासांकडे पाहत होते. मग हाताने डावा गुडघा उचलून सरळ केला, जसा रोज करतात, आणि आत गेले. सोमवारी बोलले नाहीत. मंगळवारी डायलिसिसला टॅक्सीत बोलले नाहीत. मशीनवर चार तास मी शेजारी होते, हे डोळे मिटून पडले होते.

सोमवारी सकाळीच मी बाकीची कामं उरकली. लेथवाल्याकडे गेले, पार्टवाल्याकडे गेले, टॅक्सीवाल्यांकडे गेले. जे तेव्हा ओरडून सांगितलं होतं, ते खोटं होतं हे प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. तुझ्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक वारलं, दुसऱ्याच्या घरी जाऊन आले. त्याला आधी आठवेना. आठवल्यावर म्हणाला, "बाई, आता सांगून काय उपयोग?" मी म्हटलं, उपयोगासाठी नाही सांगत. लेथवाल्याने मशीन बंद केलं नाही, नुसती मान हलवली. मला वाटतं ते बरोबर केलं त्याने.

तू पाठवलेले तेलाचे दोन डबे काल आले. चिठ्ठी नव्हती. मी डबे उलटसुलट करून पाहिले, पुठ्ठ्यावरही काही नव्हतं.

हवा काढायला दोन माणसं लागतातच, हे आता कळलं. एक पेडलवर, एक चाकाशी. आज हॉस्पिटलातून परत आल्यावर मी एकटीच काठीने पेडल दाबायची खटपट करत होते. काठी दोनदा निसटली. वर पाहिलं तर हे दारात उभे.

हे पायऱ्या उतरले. ड्रायव्हरच्या सीटवर बसले. अकरा वर्षांनी. डावा पाय बाहेर लांब ठेवला, उजवा पेडलवर.

मी चाकापाशी बसले. "दाबा."

"दाबलं."

मी नट सोडला. नळीतून बुडबुडे बरणीत आले. नट आवळला. "सोडा."

"सोडलं."

तासभर एवढंच बोलणं झालं. चार दिवसांनी आवाज ऐकला, तोही दोनच शब्दांत. चौथ्या चाकाला बुडबुडे थांबायचं नाव घेईनात. मी मोजत होते, पंचवीस, सव्वीस, आणि "दाबा", "सोडा" भराभर म्हणायला लागले. वरून आवाज आला, "घाई करू नकोस. तुझी घाई मला माहीत आहे."

मी नळीकडे पाहत राहिले. बुडबुडे थांबले.

पेडल दगडासारखं घट्ट लागतं आहे. घरासमोरच्या सपाट रस्त्यावर दहा वेळा थांबवून पाहिली. पण सपाट म्हणजे उतार नव्हे.

— ताई


२५ फेब्रुवारी, मंगळवार

बारक्या,

सकाळी साडेसहाला निघालो. मी मागचं दार उघडून धरलं होतं. यांनी ते हाताने लावून टाकलं आणि पुढचं उघडलं.

"इथे पाय पसरता यायचा नाही," मी म्हटलं.

"पसरीन कसातरी. मागे बसून दोनदा मरायचं नाही मला. जे व्हायचं ते समोर दिसू दे."

पहिल्या वळणाला मी पाय पेडलवर ठेवूनच होते. गाडी खालच्या गिअरमध्ये घातली. दुसऱ्या वळणानंतर रस्ता एकदम खाली कोसळतो, तुला आठवत असेल, आणि समोर टाकीची भिंत दिसते. विटांचा तो नवा तुकडा अजून वेगळ्या रंगाचा आहे. यांनी दार धरलं. मी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. डावीकडे ओढली नाही, उजवीकडे नाही, आवाज नाही, वास नाही. भिंतीपासून मोजून वीस पावलं अलीकडे. मी मुद्दाम थांबवली होती, तिथे थांबायचं काहीच कारण नव्हतं. मागच्या दूधवाल्याने हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला.

हे भिंतीकडे पाहत होते. मग म्हणाले, "मेव्हण्याला कळव, ब्रेक लागले म्हणून." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुझ्याशी मी बोलतो आहे याचा अर्थ सगळं मिटलं असा घेऊ नकोस."

"नाही घेत," मी म्हटलं, आणि गाडी सोडली. सातला दोन मिनिटं कमी असताना मशीनपाशी पोचलो. चार तास मला बाकावर बसायचं आहे, तिथेच हे पत्र लिहिते आहे.

चाकांना मी दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन हात लावून आले आहे. गार आहेत. पण गाडी ठोकळ्यांवर असताना मागचं उजवं चाक हाताने फिरवलं की बारीक घासल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. पार्टवाला म्हणतो नव्या शूचं असतं. मला त्याच्या कानावर भरवसा नाही.

रविवारी यांना सुट्टी असते. रविवारी गाडी घेऊन आम्ही दोघं तुझ्याकडे येतो आहोत. खाली उतरल्यावर रस्ता सपाट आहे, चौकशी केली आहे. तुझ्या मालकाच्या वर्कशॉपच्या बाहेर उभी करीन, आत येणार नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. चाक काढ, ऐक, आणि काय ते यांना सांग.

तू पाठवलेल्या दोन डब्यांपैकी एकच लागला. दुसऱ्याचं सील मी फोडलेलं नाही, डब्यातून बाटलीतही ओतलेलं नाही. परत आणते आहे. गाडीत ठेवायचा म्हणालास तर त्यावरचं लेबल तू लाव, तुझ्या अक्षरात.

— ताई